कथलाचा प्याला

"ही कबर नाही, हा चर आहे," हविसा म्हणाली. "माझा मुलगा कुठाय ते सांग."

हॅमो कबरी खणायचा. तो कुदळीवर रेलून उभा राहिला. चर चर्चच्या भिंतीपासून निघून थेट ओढ्यापर्यंत गेला होता. अर्ध्याअधिक भागावर माती लोटलेली होती.

"यातच आहेत, मावशी. ऑस्बर्ट फादर यातच आहेत."

हविसाने काखेतलं गाठोडं घट्ट धरलं. ब्रिस्टलच्या वेशीबाहेर जवाची दारू करून विकणारी ही बाई. नवऱ्याच्या मागे एकटीने पोराला वाढवलं, शिकवलं, पाद्री केलं. तेव्हापासून तिच्या बोलण्यात दर दुसऱ्या वाक्याला 'आमचा फादर' यायचाच. गिऱ्हाइकं चिडवायची, "हविसाबाई, तुमचा फादर शिंकतोसुद्धा लॅटिनमध्ये का हो?" ती म्हणायची, "शिंकतो की. तुमच्या बापजाद्यांना तेवढंही जमलं नाही." पोरगा मरीत गेल्याचं एका धनगराने येऊन सांगितलं, तेव्हा ती रडली आणि डोळे पुसून कामाला लागली. घरातली कथलाची भांडी मोडून तिने एक लहान प्याला आणि थाळी करून घेतली. पाद्र्याला पुरताना छातीवर प्याला-थाळी ठेवायची, ही रीत. नांगऱ्या-गुराख्यांना फार तर शिशाचा क्रूस. पण या मरीच्या दिवसांत रीत कोण पाळतंय, म्हणून ती स्वतः त्याच्या चर्चच्या गावी चालत आली होती.

"यातच म्हणजे? गुराख्यांच्या रांगेत?" तिचा आवाज चढला. "अरे, पाद्री होता तो. शेवटच्या दिवशी कर्णा वाजेल, सगळे मेलेले उठतील, तेव्हा एवढ्या गर्दीत देव त्याला ओळखणार कसा? हातात प्याला नको?"

हीच भीती तिला वाटभर पोखरत होती. पोरगा गेला ते गेला. पण वर जाऊनही तो कुणीच नाही ठरला तर?

"फादरांचा स्वतःचा प्याला होता," हॅमो म्हणाला. "पुरायच्या वेळेसाठी जपून ठेवलेला."

"मग कुठाय? विकून खाल्लास?"

हॅमोचा चेहरा लाल झाला. "तोंड सांभाळा, मावशी. माझी बायको, दोन्ही भाऊ याच चरात आहेत. फादरांनीच वितळवला तो."

हविसाने चराकडे पाहिलं.

"आजूबाजूच्या गावांचे पाद्री मेले, उरलेले पळाले," हॅमो सांगू लागला. "माणसं घाबरली. म्हणायची, आपल्याला कुत्र्यासारखं पुरतील. फादरांनी शब्द दिला, क्रूसाशिवाय एकालाही मातीत घालणार नाही. आधी खिडक्यांतलं शिसं काढलं. मग छपराची शिशाची पन्हळ उतरवली. तेही संपलं, तेव्हा स्वतःचा प्याला भट्टीत टाकला. वर मलाच म्हणाले, एवढं तोंड पाडू नकोस, हॅमो, त्यातून प्यायला मी काही उठणार नव्हतो."

"असाच बोलायचा मेला," हविसा म्हणाली आणि तिला हुंदका आला.

"एक क्रूस मी त्यांच्यासाठी लपवून ठेवला होता. त्यांना काखेत मरीची गाठ आली त्याच दिवशी चर्चच्या दारात एक फेरीवाला मरून पडला. कुठला, कोणाचा, देव जाणे. फादरांनी माझ्याकडून तो क्रूस मागून घेतला आणि त्याच्या छातीवर ठेवला. स्वतः तसेच गेले."

हविसा चराच्या काठावर बसली. मग हॅमोने कुदळ उचलली.

"ते वरच्याच थरात आहेत. जागा माझ्या लक्षात आहे. माती काढतो, तुमच्या हाताने प्याला ठेवा. तेवढा मान त्यांचा आहेच."

तेवढ्यात फाटकातून वायमंड सुतार आला. त्याच्या हातांवर चादरीत गुंडाळलेली त्याची मुलगी होती. चादरीवर दोन काटक्या दोऱ्याने क्रूसासारख्या बांधून ठेवल्या होत्या. तो हॅमोपाशी थांबला आणि खालमानेने म्हणाला, "शिसं नाही, ठाऊक आहे मला. हा चालेल ना रे?"

हॅमोने हविसाकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली.

हविसा उठली. गाठोडं सोडून तिने प्याला आणि थाळी बाहेर काढली. झग्याच्या टोकाने प्याला एकदा पुसला, कारण मळलेली वस्तू कुणाच्या हातात द्यायची तिला सवय नव्हती. मग दोन्ही हॅमोच्या हातात ठेवली.

"भट्टी पेटव. आधी या लेकराचा क्रूस कर. उरेल ते पुढच्यांना."

"आणि फादरांना?"

"त्याला काही नको."

"पण मावशी," हॅमो अडखळला, "देव त्यांना ओळखणार कसा? तुम्हीच म्हणालात."

हविसाने मान ताठ केली. गिऱ्हाइकांना सुनवायची त्याच आवाजात ती म्हणाली, "इथले सगळे छातीवर क्रूस घेऊन उठतील. एकटाच रिकामा उठेल, तो यांचा पाद्री."