पाणी निवळेपर्यंत

सुकलेल्या ओठांनी केराबाई पाणी मागत होती. पहाटेपासून तिला जुलाब लागले होते, पुरानं रस्ता बंद होता आणि घरात पाणी होतं ते नदीचं, तांबडं गढूळ. नवऱ्यानं, दौलतनं, शेवग्याच्या बिया कुटून घागरीत ढवळल्या. पण त्याला धीर निघेना. सारखा घागर हलवून बघायचा आणि बसत आलेला गाळ पुन्हा वर यायचा.

"अहो, ती घागर सोडा. इथं बसा माझ्याजवळ."

तो बसला. नजर घागरीकडे जायची, तरी तिचा गार हात धरून हलला नाही.

पाणी निवळलं. त्यानं ते गाळून उकळलं, निववून साखर-मीठ घातलं आणि वाटी तिच्या ओठांना लावली.

चार घोट गेल्यावर केराबाईनं तोंड वाकडं केलं.

"साखर किती ओतलीत हो! उद्याच्या चहाला ठेवलीत का?"

तेव्हा कुठे दौलतला रडू फुटलं.