'धोटा' पुन्हा स्टेजवर

"शाल नको," कुणालनं मोबाईलवर टाइप केलं आणि मोबाईल भाऊंच्या डोळ्यांसमोर धरला.

भाऊंनी चष्मा वर सरकवून वाचलं. कार्यक्रम त्यांच्या मंडळाचा होता आणि कोन गावातलं हे मैदानही त्यांच्याच गोडाऊनमागचं. "अरं, मान हाय तुझा त्यो," ते म्हणाले. "पोरीची दोन गाणी होऊ दे. मंग तुझं जुनं गाणं स्पीकरवर लावू, लोकं उभी ऱ्हातील, तुला शाल घालू. तुला काय बोलायचं न्हाय. नुस्ते हात जोड."

जिवंत माणसाची शोकसभा. कुणाल पुन्हा टाइप करायला लागला, तोवर भाऊ खुर्च्या मोजायला निघून गेले होते. टाइप करणाऱ्याशी भांडण लवकर संपतं, हे दोन वर्षांत सगळ्यांना कळलं होतं.

दोन वर्षांपूर्वी कर्करोगामुळे त्याचं स्वरयंत्र काढावं लागलं. तेव्हापासून तो गळ्याला पाडलेल्या भोकातून श्वास घ्यायचा. त्याआधी दहा वर्षं तो 'धोटा' या बँडचा आवाज होता. मागावर इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्याचं नाव बँडला दिलं ते हाशिमनं. त्याच्या अब्बांचा लूमचा कारखाना होता, आणि त्या खडखडाटात बसूनच हाशिम ड्रम शिकला होता. गिटार प्रितेशची. भिवंडीत रॉक कोण ऐकणार, असं म्हणणारेच पुढे त्यांना गणपतीत बोलवायला लागले होते. कुणालचा आवाज गेला आणि तिघांनीही वाद्यं गुंडाळून ठेवली.

डॉक्टरांनी त्याला एक यंत्र दिलं होतं, टॉर्चएवढं. ते हनुवटीखाली दाबून ओठ हलवले की बोलणं निघायचं, पण घरघरतं, एकाच सुरातलं. धामणकर नाक्यावर रिक्षात बसताना त्यानं ते एकदा वापरलं. "कल्याण नाका," एवढंच म्हणाला. शेजारच्या दोघांनी हसत त्याचा व्हिडिओ काढला. त्यानंतर बायकोच्या हट्टापायी यंत्र खिशात असायचं, पण लोकांत बाहेर निघालं नाही.

बँड पुन्हा उभा करायचा हेही त्यानंच ठरवलं. मेघालीला शोधलं तेही त्यानंच. बावीस वर्षांची ही मुलगी राहनाळच्या एका गोडाऊनमध्ये ड्युटी करायची. एका हळदीत ती माइक नसताना गात होती आणि मांडवाबाहेरचे लोक आत येऊन उभे राहिले होते. सहा महिने त्यानं तिला शिकवलं. जुनं रेकॉर्डिंग लावायचं आणि बोट उचलून दाखवायचं, इथं श्वास घे, इथं आवाज फाटू दे. पट्टीही त्याचीच ठेवली. ती मेघालीला फार खाली पडायची. "तिला तिच्या पट्टीत गाऊ दे रे," हाशिम एकदा म्हणाला. कुणालनं टाइप केलं, "'धोटा' असाच वाजतो."

संध्याकाळी साडेपाचला कार्यक्रम सुरू झाला. मैदान भरलं होतं. मेघालीनं पहिलं गाणं घेतलं, आणि कुणालनं शिकवलेली एकही जागा चुकवली नाही. श्वास तिथंच, आवाज फाटला तोही तिथंच. खाली पहिल्या रांगेत बसलेल्या कुणालला आपलंच गाणं दाराआडून ऐकू यावं तसं वाटलं. पुढची पोरं चुळबुळायला लागली. मग एकानं सुरुवात केली, "कुणाल, कुणाल." बघता बघता अख्खं मैदान तेच म्हणायला लागलं. मेघाली थांबली.

भाऊ शाल घेऊन घाईघाईनं स्टेजवर चढले. "त्यो आवाज आता परत येनार न्हाय," ते माइकवर म्हणाले. "त्याच्या आठवणीसाठी आपन एक मिनिट उभं..."

"आठवण कुणाची काढताय, भाऊ?" मेघालीनं मध्येच विचारलं. "तो समोर बसलाय." ती कडेला आली. "दादा, वर ये."

कुणाल उठला. पायऱ्या चढून स्टेजवर आला. भाऊंनी पुढं केलेली शाल त्यानं हातानं बाजूला केली, खिशातून यंत्र काढलं, गळ्याला लावलं आणि माइक तोंडाशी धरला.

"मी कुणाल," यंत्र घरघरलं.

कुठंतरी हशा पिकला. चार-पाच मोबाईल वर झाले. कुणाल थांबला, पण खाली उतरला नाही.

"नीट काढा व्हिडिओ," तो म्हणाला. "आता माझा आवाज हाच आहे. या पोरीला मी सहा महिने माझी नक्कल करायला लावली. चूक माझी. यापुढं ती तिच्या पट्टीत गाईल. ज्यांना जुनं ऐकायचंय त्यांनी घरी जाऊन मोबाईलवर ऐका."

कुणी घरी गेलं नाही. हसणं मात्र थांबलं. प्रितेशनं मेघालीकडे पाहिलं, तिनं बोट वर केलं, आणि त्यानं गिटारची पट्टी चढवली. भाऊ शाल काखेत मारून खाली गेले.

आपलं काम झालं असं समजून कुणाल पायऱ्यांकडे वळला.

"तू कुठं चाललास?" मेघालीनं विचारलं.

त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग हाशिमकडे. हाशिमनं स्टिक उचलून चार ठोके मोजले. मेघालीनं श्वास भरून घेतला होता, तोंडही उघडलं होतं, पण पहिली ओळ कुणालनं घेतली, एकाच सुरात, घरघरत, पार शेवटच्या रांगेपर्यंत.