वेशीचा दरवाजा

जहागीरदाराची वेठबिगारी सोडून हाविस या सनदी शहरात पळून आली, तेव्हापासून वेशीवरचा म्हातारा ओस्बर्ट तिला बाहेर पाऊल टाकू देत नव्हता. नदीपलीकडे आईच्या चुलीचा धूर दिसायचा. ती रडायची, त्याला शिव्या घालायची, तो ढिम्म.

आज मात्र त्यानंच अडसर काढला. “जा, आईला भेटून ये.”

“आजच बरा पाझर फुटला, थेरड्या?”

“काल तुला इथं वर्ष झालं, वर आजचा दिवस. एवढं तटाच्या आत काढलं की वेठीतून सुटका, राजाच्या सनदेतच आहे तसं. आता पुलावर टपलेली जहागीरदाराची माणसंही तुला हात लावणार नाहीत.”

हाविसचे डोळे भरून आले. पुलापर्यंत गेली आणि वळली.

“बाबा, दिवस मावळायच्या आत येते. मी आल्याशिवाय दरवाजा लावू नका!”