कोरं झबलं

आखाडा बाळापूरच्या वखारीचं कुलूप बँकेच्या अमृतराव साहेबांनी स्वतः उघडलं. किशनराव शेटनी आतल्या हळदीच्या पोत्यांवर कर्ज उचललेलं, आणि साहेबांना त्या पोत्यांचा भरवसा वाटत नव्हता. आज शेरा वाईट पडला असता तर दुकानालाही कुलूप लागणार होतं.

साहेबांनी पुढच्या थप्पीत नमुना काढायची परखी खुपसली. पिवळीधमक हळद निघाली. पोत्याला नुसतं टेकले तर त्यांची पांढरी बाहीही पिवळी झाली.

"मागच्या पोत्यांत काय?"

"हळदच की साहेब. काहून इतका शक घेऊन राहिले?"

मागं जायला माणसापुरती वाट नव्हती. साहेबांनी नाइलाजानं सहीसाठी पेन उघडलं. तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या पद्माबाई, किशनरावांच्या बायको, खाली सोडलेली रांगती लेक दिसेना म्हणून इकडंतिकडं बघू लागल्या.

"सोजरा! कुठं गेली गं माय?"

भिंत आणि थप्पीच्या फटीतून, पार मागच्या अंगानं, सोजरा रांगत आली. पद्माबाईंनी तिला उचललं आणि सवयीनं गाल पुसायला पदर पुढं केला.

"बघा तरी, गुणाची माझी बाय! घरी चिमूटभर हळदीत पिवळी होती, आन् आज एवढ्या पोत्यांतून आली तर एक डाग न्हाई!"

साहेबांनी आपली बाही बघितली, मग पोरीचं पांढरं झबलं. पेनाला टोपण लावलं.

"किशनराव, मागची पोती खाली घ्या."

पद्माबाईंनी नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं. मग लेकीची मूठ उघडली, आतला भुसा बघितला, आणि ती मूठ हळूच मिटून आपल्या हातात घट्ट धरली.