हापशीवरची फुली

तलावाकाठच्या शेतांतलं खत जमिनीखालच्या पाण्यात उतरलंय, असा रिपोर्ट आला. ग्रामपंचायतीच्या माणसानं आमच्या हापशीवर लाल फुली मारली. "तान्ह्या लेकराले हे पाणी पाजू नका," म्हणाला. दुसरं कुठलं पाजायचं, ते नाही म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तशीच फुली घरातल्या माठावर.

"घरपोच सेवा," मी म्हटलं.

"भाऊजी, मजाक पुरे. घासा ते," पल्लवीवहिनी म्हणाली.

मी घासली. माठ झिजला, फुली नाही.

तिसऱ्या दिवशी ती बाळाच्या बाटलीवर होती. वहिनीनं फुलीची बाजू पलीकडे फिरवली अन् त्याच पाण्यात पावडरचं दूध कालवलं. "उपाशी ठेवू काय त्याले?"



आज तेल घालायला तिनं बाळाची टोपी काढली. टाळूवरची फुली अजून ओली होती.