फक्त हात

"आई, हे तुझेच हात ना?" मी मोबाईल तिच्यापुढे धरला. उखळात शेंगदाणा चटणी कुटणारे हात, मनगटावरचा भाजल्याचा डाग, सगळं आमच्या घरगुती चटणीसाठी मी केलेल्या रीलमधलं. नाव मात्र पेठेतल्या मोठ्या दुकानाचं!

माझं डोकंच फिरलं. तडक दुकानात गेले. मालक हसला. "हातांवर नाव लिहिलंय का गं, पोरी?"

आईनेच बजावलं होतं, "फक्त हात घे. तोंड नको, लोक काय म्हणतील?" घरी येऊन मी तिच्यावरच ओरडले, "बाळग अजून लाज! तुझे हात दाखवून तो त्याची चटणी विकतोय, वर विचारतो, हातांवर नाव लिहिलंय का!"

आईने तोंड धुतलं, टिकली लावली, डागाचं मनगट गालाशी धरलं.

"कर कॅमेरा चालू! विचार त्या मेल्याला, आता दिसतंय का नाव?"