राष्ट्राध्यक्षांकडचा चहा

"पाव, तेल आणि मोबाइलवरून पाठवायचे पैसे. या तिन्हींवरचा कर काढा, मगच माझे खासदार तुमच्या विधेयकाला मतं देतील," विरोधी पक्षाचा नेता मुटिसो म्हणाला.

त्याच्या बाहीवर कालचं रक्त होतं. संसदेच्या फाटकाशी गोळी लागलेल्या पोराला त्यानेच उचललं होतं आणि ते त्याच्या हातातच गेलं. आज राष्ट्राध्यक्ष भवनाबाहेरच्या निदर्शकांत त्याची मुलगी कवाता होती, अन् त्याचा फोन भवनाच्या दारावर काढून घेतलेला.

राष्ट्राध्यक्ष हसले. असे लोक हसले की आपण खिसा सांभाळावा.

"अरे, कोंबडी मागायला आलास की अख्खं खुराडं?" त्यांनी टेबलाखालचं घंटेचं बटण दाबलं. "थांब, चहा अन् तळलेली गरम मंदाझी सांगतो."

चहा आला नाही. पडद्यापलीकडे गोळ्या सुटल्या. मुटिसो ताडकन उठला.

"माझी मुलगी आहे तिथे, साहेब!"

"मग लवकर मिटवू. पोलिसांना काय सांगू?"

"मोबाइलचा कर ठेवा. पण थांबवा!"

राष्ट्राध्यक्ष फोनवर दोन शब्द बोलले. गोळीबार थांबला. त्यांचा गळा आवळावा असं मुटिसोच्या मनात आलं. हात मांडीखाली दाबून तो बसला.

"आता तेल."

"तेल नाही सोडणार."

"हा चहा कुठे मेला?" त्यांनी पुन्हा घंटा दाबली.

या खेपेला गोळ्या जवळ वाटल्या. कुणीतरी किंचाळलं. कालच्या पोराचं फुटलेलं डोकं मुटिसोला पुन्हा दिसलं, पण चेहरा कवाताचा होता.

"तेल घ्या! थांबवा!"

"आणि पाव?"

"पावासाठी पोरं मेली, साहेब. मेलेल्यांना काय तोंड दाखवू?"

"मेलेल्यांचं राहू दे. जिवंत आहे तिचं बघ." आणि त्यांचा हात टेबलाखाली गेला.

पुन्हा फैरी झडल्या तेव्हा मुटिसो त्यांच्या पायाशी होता. त्यांच्याच फोनवरून त्याने सभागृहात बसलेल्या आपल्या खासदारांना सांगितलं, एकही दुरुस्ती नको, विधेयक आहे तसं मंजूर करा.

मतदान उरकल्यावर चहा आला. तो तसाच टाकून मुटिसो मागच्या दाराने धावला. बाहेर त्याच्या गाडीला टेकून कवाता उभी होती.

"बाबा!" तिने त्याला मिठी मारली. "दुपारीच भवनातून निरोप आला, तुम्ही तिन्ही कर काढायला लावलेत म्हणून. तुमच्या नावाचा जयघोष करत सगळे घरी गेले. कधीच रस्ता रिकामा झाला."

मुटिसोने मागे वळून पाहिलं. स्वयंपाकघराच्या भिंतीशी दोन शिपाई गवतातली रिकामी काडतुसं वेचत होते. त्यांच्या डोक्यावर, भिंतीला, चहाची घंटा टांगलेली होती.